गस ग्रिसम आणि अपोलो १ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंतराळाचा विषय निघाला की गागारिन, आर्मस्ट्राँग, राकेश शर्मा ही नावं आपसूक तोंडात येतात. गस ग्रिसम यांचं नाव निघालंच तर दोन गोष्टींसाठी निघतं : त्यांचं पहिलं यान समुद्रात बुडालं आणि ते स्वतः आगीत गेले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण दोन्ही अर्धवट सांगितल्या जातात. पहिलीने तर त्यांच्यावर उघड अन्याय केला आहे. नेहमी येणारे प्रश्न आणि त्यांची सविस्तर उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

गस ग्रिसम कोण होते?

व्हर्जिल इव्हान ग्रिसम. 'गस' हे सगळ्यांच्या तोंडी बसलेलं नाव. अमेरिकेने १९५९ साली निवडलेल्या पहिल्या सात अंतराळवीरांपैकी ते एक. मर्क्युरी, जेमिनी आणि अपोलो या अमेरिकेच्या तिन्ही मानवी अंतराळ कार्यक्रमांत त्यांनी काम केलं. अंतराळात दुसऱ्यांदा जाणारे ते नासाचे पहिले अंतराळवीर. २७ जानेवारी १९६७ रोजी अपोलो १ यानाच्या जमिनीवरच्या चाचणीत, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, एड व्हाइट आणि रॉजर चॅफी या सहकाऱ्यांसोबत त्यांचा मृत्यू झाला.

त्यांचं बालपण आणि शिक्षण कसं झालं?

जन्म ३ एप्रिल १९२६ चा, इंडियाना राज्यातल्या मिचेल या छोट्या गावी. वडील रेल्वेत नोकरीला. गस बुटके, त्यामुळे शाळेच्या बास्केटबॉल संघात जागा मिळाली नाही. शाळेतल्याच बेटी मूर यांच्याशी १९४५ मध्ये लग्न झालं. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात भरती झाले होते, पण विमान चालवायची वेळ येण्याआधीच युद्ध संपलं. गावी परत येऊन त्यांनी बस बांधणीच्या कारखान्यात नोकरी धरली. काम काय, तर शाळेच्या बसगाड्यांना दारं बसवायचं.

यातून बाहेर पडायचं म्हणून त्यांनी पर्ड्यू विद्यापीठात मेकॅनिकल इंजिनिअरिंगला प्रवेश घेतला. माजी सैनिकांना मिळणारी शिक्षणाची मदत होती, पण ती पुरायची नाही. गस एका खानावळीत बर्गर भाजायचे आणि बेटी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. १९५० साली पदवी हातात आली. ग्रिसम यांच्याबद्दल वाचताना मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पुढे ते यानातल्या तारा, नळ्या आणि बटणं यांवर तासन् तास बोलायचे, ते इंजिनिअर म्हणून. विमान चालवणं त्यानंतर आलं.

पदवीनंतर ते पुन्हा हवाई दलात गेले आणि कोरियाच्या युद्धात एफ-८६ सेबर विमानातून १०० मोहिमा उडवल्या. मग एरोनॉटिकल इंजिनिअरिंगचं शिक्षण, आणि १९५७ मध्ये एडवर्ड्स तळावर टेस्ट पायलटचं प्रशिक्षण.

निवडीच्या वेळी ते जवळजवळ बाद झाले होते, हे खरं का?

हो. त्यांना परागकणांची ॲलर्जी होती आणि वैद्यकीय तपासणीत ती सापडली. अंतराळात परागकण नसतात, हे त्यांनी डॉक्टरांच्या लक्षात आणून दिलं. मुद्दा बिनतोड होता. ९ एप्रिल १९५९ रोजी सात जणांची नावं जाहीर झाली, त्यात ग्रिसम होते.

ते फारसं बोलत नसत, असं म्हणतात. का?

स्वभावच तसा. ॲटलास रॉकेट तयार करणाऱ्या सॅन दिएगोच्या कारखान्यात त्यांना कामगारांपुढे चार शब्द बोलायला सांगितलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले : काम चांगलं करा. कामगारांना ते इतकं भिडलं की त्यांनी या शब्दांचा फलक कारखान्यात लावला. आपला जीव ज्यांच्या हातच्या नटबोल्टवर टांगलेला असणार होता, त्यांना याहून वेगळं काय सांगायचं?

पहिल्या उड्डाणात यान बुडालं ती चूक त्यांची होती का?

नाही. हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो, म्हणून थोडं सविस्तर.

२१ जुलै १९६१. गागारिन यांनी एप्रिलमध्ये पृथ्वीप्रदक्षिणा केली होती, ॲलन शेपर्ड मे महिन्यात अंतराळाला स्पर्शून आले होते आणि त्याच महिन्यात केनेडींनी चंद्रावर माणूस उतरवण्याची घोषणा केली होती. ग्रिसम यांचं 'लिबर्टी बेल ७' हे अमेरिकेचं दुसरं मानवी उड्डाण. सुमारे साडेपंधरा मिनिटांचं, रॉकेटने वर जाऊन थेट अटलांटिक महासागरात उतरणारं. उड्डाण छान झालं.

या यानाचं दार नवीन पद्धतीचं होतं. ते ७० बोल्टांनी बसवलेलं होतं आणि संकटात झटकन बाहेर पडता यावं म्हणून हे बोल्ट स्फोटाने तोडायची सोय होती. यान पाण्यात तरंगत होतं, ग्रिसम हेलिकॉप्टरची वाट बघत पडून होते आणि दार एकाएकी उडालं. पाणी आत घुसलं, ते बाहेर पडले. हेलिकॉप्टरने यान उचलायचा प्रयत्न केला, पण पाण्याने भरलेलं यान त्याला पेलेना आणि इंजिनाचा धोक्याचा दिवा लागला. शेवटी यान सोडून द्यावं लागलं.

इकडे ग्रिसम स्वतः बुडायला आले होते. अंतराळपोशाखाची ऑक्सिजनची झडप उघडी राहिल्याने त्यातून हवा निसटत होती आणि पाणी शिरत होतं. शिवाय भेट द्यायला म्हणून नेलेली नाणी पोशाखात होती, त्यांचंही वजन. दुसऱ्या हेलिकॉप्टरने त्यांना ओढून काढलं, तेव्हा ते थकून गेले होते.

घाबरून त्यांनी स्वतःच बटण दाबलं, ही कुजबुज तेव्हापासून सुरू झाली. पुढे एका गाजलेल्या पुस्तकाने आणि त्यावरच्या चित्रपटाने ती घरोघरी पोचवली. चौकशीत मात्र त्यांना निर्दोष ठरवण्यात आलं. सगळ्यात बोलका पुरावा १९६२ साली मिळाला. अंतराळवीर वॉली शिरा यांनी आपलं उड्डाण संपवून, यान जहाजावर आल्यावर, मुद्दाम तेच बटण दाबलं. बटणाला उलटा झटका इतका जोरदार होता की हातमोज्यातूनही शिरा यांच्या हाताला जखम झाली. ग्रिसम यांच्या हातावर असा कोणताही व्रण नव्हता. दार नेमकं कशाने उडालं याबद्दल तर्क बरेच आहेत. हेलिकॉप्टरमधून आलेली स्थिर वीज हा त्यातला अलीकडे चर्चेत आलेला तर्क.

ते यान सापडलं का?

सापडलं. १९९९ च्या जुलैमध्ये, म्हणजे ३८ वर्षांनी, सुमारे ४,९०० मीटर खोलीवरून ते वर काढलं. टायटॅनिकचे अवशेष याहून हजारभर मीटर वर आहेत. दार मात्र मिळालं नाही. ते मिळालं असतं तर वाद कायमचा मिटला असता.

इतका बभ्रा झाल्यावर नासाने त्यांना पुन्हा कसं पाठवलं?

कारण आतल्या लोकांचा त्यांच्यावर विश्वास होता. शेपर्ड यांच्यासारखं त्यांचं व्हाइट हाउसमध्ये कौतुक झालं नाही, ही गोष्ट घरच्यांना लागली. ग्रिसम यांनी तक्रार न करता जेमिनीच्या बांधणीत स्वतःला जुंपून घेतलं. त्या यानाच्या आतली मांडणी त्यांच्या सूचनांनी इतकी घडली की सहकारी त्याला 'गसमोबाइल' म्हणत. ती त्यांच्या उंचीच्या मापाने झाली होती, त्यामुळे उंच अंतराळवीरांना आत बसता येईना आणि नंतर बदल करावे लागले.

२३ मार्च १९६५ रोजी जॉन यंग यांच्यासोबत ते जेमिनी ३ मधून गेले. तीन प्रदक्षिणा, पाच तासांना थोडा कमी वेळ. पण या उड्डाणात माणूस बसलेल्या यानाने पहिल्यांदाच आपली कक्षा स्वतः बदलली. चंद्रावर जायचं तर दोन यानांना अंतराळात एकमेकांना गाठता आलं पाहिजे, आणि त्यासाठी आधी हे जमायला हवं होतं.

यानाला त्यांनी 'मॉली ब्राउन' असं नाव दिलं. टायटॅनिकच्या अपघातातून वाचलेल्या आणि 'कधीच न बुडणारी' म्हणून प्रसिद्ध झालेल्या बाईचं हे नाव. उतरल्यावर यान लाटांवर हेलकावत होतं, ग्रिसम यांना उलट्या झाल्या, आत उकाडा होता. तरीही नौदलाच्या पाण्यात उतरलेल्या जवानांनी यानाभोवती तरंगपट्टा बांधेपर्यंत त्यांनी दार उघडू दिलं नाही.

सँडविचची गोष्ट खरी आहे?

खरी आहे. यंग यांनी खिशातून कॉर्न्ड बीफचं सँडविच नेलं होतं. ग्रिसम यांनी एक घास घेतला, पावाचे कण उडायला लागले तसं ते खिशात ठेवून दिलं. त्यावरून अमेरिकी संसदेत प्रश्न विचारले गेले.

अपोलो १ सुरक्षित नाही हे ग्रिसम यांना माहीत होतं का?

यानात खोट आहे हे त्यांना पक्कं माहीत होतं आणि ते बोलूनही दाखवत होते. कॅलिफोर्नियात नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन कंपनीने तयार केलेलं हे यान ऑगस्ट १९६६ मध्ये फ्लोरिडातल्या केप केनेडी या प्रक्षेपणतळाला पोचलं, तेव्हा कितीतरी कामं बाकी होती. त्यानंतरही त्यात शेकडो बदल होत राहिले. तारांची जुडगी अस्ताव्यस्त होती, शीतकरणाचा द्रव गळत होता. सरावाचं यंत्र या बदलांच्या मागे पडलं. अंतराळवीर ज्यावर सराव करत होते ते एक आणि प्रत्यक्ष यान दुसरंच, अशी अवस्था. ग्रिसम यांनी जानेवारी १९६७ मध्ये टेक्सासच्या घरच्या झाडावरचं एक लिंबू तोडलं आणि नेऊन सरावयंत्रावर टांगलं. आपल्याकडे लिंबू नजर लागू नये म्हणून बांधतात. अमेरिकेत भंगार निघालेल्या वस्तूला लिंबू म्हणतात.

त्याआधी ग्रिसम, व्हाइट आणि चॅफी यांनी यानाच्या प्रतिकृतीपुढे हात जोडून, मान खाली घालून काढलेला फोटो अपोलो यानाचे व्यवस्थापक जोसेफ शे यांना भेट दिला होता. थट्टाच ती, पण रोख कळण्यासारखा होता.

मग त्यांनी सरळ नकार का दिला नाही? हा प्रश्न विचारणं सोपं आहे. १९६९ संपायच्या आत चंद्र गाठायचा होता, आणि नकार देणाऱ्याची जागा घ्यायला दुसरे तयार होते. या कामात जीव जाऊ शकतो आणि गेला तर कार्यक्रम थांबू नये, असं ग्रिसम यांनी पत्रकारांना सांगून ठेवलं होतं. ते जीवावर उदार झालेले नव्हते. आपण आत राहिलो तर यान सुधारेल, अशी इंजिनिअरची समजूत त्यामागे मला दिसते.

२७ जानेवारी १९६७ ला नेमकं काय झालं?

त्या दिवशी उड्डाण नव्हतं. ते २१ फेब्रुवारीला ठरलं होतं. शुक्रवारची दुपार, ३४ क्रमांकाचा प्रक्षेपणमंच. यान रॉकेटच्या टोकावर, पण रॉकेटमध्ये इंधन नाही. बाहेरचा वीजपुरवठा तोडून यान स्वतःच्या विजेवर चालतं का, एवढंच बघायचं होतं. इंधन नाही म्हणून चाचणी 'धोकादायक' या यादीत नव्हती. त्यामुळे अग्निशमन आणि वैद्यकीय पथकं सज्ज ठेवलेली नव्हती.

दुपारी एकच्या सुमारास तिघं आत बसले. डावीकडे ग्रिसम, मध्ये व्हाइट, उजवीकडे चॅफी. ग्रिसम यांना पोशाखातल्या हवेत आंबूस, ताकासारखा वास आला. नमुने घेण्यासाठी चाचणी तासाहून जास्त थांबली. मग दारं लावली आणि आत शुद्ध ऑक्सिजन भरला. संध्याकाळी संपर्क नीट होईना. दोन-तीन इमारतींमध्ये धड बोलता येत नाही, मग चंद्रावर कसं जाणार, असं ग्रिसम वैतागून म्हणाले. ते रेकॉर्ड झालेलं आहे.

६ वाजून ३१ मिनिटांनी आतून आगीची हाक आली. पुढच्या सतरा सेकंदांत संपर्क तुटला. तेवढ्या वेळात आतला दाब इतका वाढला की यानाचं कवच फाटलं आणि ज्वाळा व धूर बाहेर आला. तंत्रज्ञ धुरात पुन्हा पुन्हा शिरले, गुदमरून मागे आले, परत गेले. योग्य मुखवटे त्यांच्याकडे नव्हते. दार उघडायला सुमारे पाच मिनिटं लागली, आणि त्यातल्या बऱ्याच जणांवर नंतर उपचार करावे लागले.

ग्रिसम यांनी आपले पट्टे सोडलेले होते. व्हाइट दारापाशी होते. चॅफी आपल्या जागेवर पट्ट्यात बांधलेले होते, कारण संकटात बाकीचे दोघं दार उघडत असताना त्यांनी संपर्क चालू ठेवायचा होता. तिघंही नेमून दिलेलं काम करत होते.

दार का उघडलं नाही?

दार एक नव्हतं, तीन थरांचं होतं. सगळ्यात आतलं दार आतल्या बाजूला उघडणारं. झाकण आत बसणारा कुकर आठवा : वाफेचा दाब असताना ते झाकण जितकं ओढाल तितकं घट्ट बसतं. इथेही तेच. आगीने दाब चढल्यावर त्या दारावर काही टनांचा रेटा आला. त्या रेट्याविरुद्ध दार ओढून उघडणं कुणाच्याही हातात नव्हतं. सगळं सुरळीत असतानासुद्धा व्हाइट यांना डोक्यामागे हात नेऊन पान्याने बोल्ट सोडवायचे होते, आणि त्याला दीड मिनिट तरी लागायचं.

स्फोटाने उडणारं दार इथे का नव्हतं? चंद्राच्या वाटेवर ते आपोआप उडालं तर काय, ही भीती. 'लिबर्टी बेल'चा अनुभव त्या निर्णयामागे होता. ग्रिसम यांच्या आयुष्यातल्या दोन्ही दुर्घटना अशा एकमेकींत गुंतल्या आहेत. इतक्या वर्षांनीही हे वाचताना गलबलून येतं.

आत शुद्ध ऑक्सिजन का भरला होता?

वजन आणि सोपेपणा. एकच वायू असला की टाक्या कमी, नळ्या कमी, बिघाड कमी. अंतराळात आतला दाब हवेच्या दाबाच्या एक तृतीयांश ठेवला जातो. तेवढ्या दाबाला शुद्ध ऑक्सिजन चालतो. मर्क्युरी आणि जेमिनीत तो वापरून काही झालं नव्हतं.

पण जमिनीवर दार घट्ट बसावं, बाहेरची हवा आत शिरू नये म्हणून आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त ठेवला होता. एवढ्या दाबाच्या शुद्ध ऑक्सिजनमध्ये एरवी जेमतेम धुमसणाऱ्या वस्तू भडाभडा पेटतात. आत वेल्क्रोच्या पट्ट्या, नायलॉनच्या जाळ्या, फोम, कागद असं कितीतरी होतं. जेमिनीत काही झालं नाही म्हणून पुढेही होणार नाही, हे गृहीत धरणं हीच माझ्या मते मुख्य चूक.

ठिणगी कशाने पडली?

चौकशी मंडळाला ठाम कारण मिळालं नाही. नासाच्या लँग्ली केंद्राचे संचालक फ्लॉइड थॉम्पसन यांच्या अध्यक्षतेखालच्या मंडळाने यानाचा भाग न् भाग सुटा केला आणि एप्रिल १९६७ मध्ये अहवाल दिला. ग्रिसम यांच्या आसनाच्या बाजूला, खाली, तारेवरचं वेष्टन घासून गेलं असावं, असा त्यांचा निष्कर्ष.

तिघांचा मृत्यू भाजून झाला का?

मुख्यतः नाही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडने हृदय बंद पडलं. भाजण्याच्या बऱ्याच जखमा त्यानंतरच्या होत्या.

घातपात होता का?

कुटुंबातल्या काहींनी हा संशय बोलून दाखवला आहे. आपला माणूस असा गेल्यावर संशय येणं समजण्यासारखं आहे. पण पुरावा नाही. निष्काळजीपणाचे पुरावे मात्र अहवालात पानोपानी आहेत. बेटी ग्रिसम यांनी कंपनीवर दावा लावला आणि १९७२ मध्ये साडेतीन लाख डॉलर्सवर तडजोड झाली.

आगीनंतर काय बदललं?

तीन थरांच्या जागी एकच दार आलं. बाहेर उघडणारं आणि काही सेकंदांत उघडणारं. जमिनीवर असताना आत ६० टक्के ऑक्सिजन आणि ४० टक्के नायट्रोजन. पोशाख न पेटणाऱ्या कापडाचे, तारा झाकलेल्या, जळाऊ वस्तू हटवलेल्या. पुढचं मानवी उड्डाण, अपोलो ७, ऑक्टोबर १९६८ मध्ये झालं. त्याचे कमांडर होते वॉली शिरा.

असा अपघात आधी कुठे झाला नव्हता का?

झाला होता. २३ मार्च १९६१ रोजी सोव्हिएत प्रशिक्षणार्थी व्हॅलेंटिन बोंदारेंको जादा ऑक्सिजन भरलेल्या खोलीत आग लागून गेले. सोव्हिएत संघाने ही बातमी पंचवीस वर्षं दाबून ठेवली. ती वेळेवर कळली असती तर अमेरिकी इंजिनिअरांनी धडा घेतला असता का, हे सांगता येत नाही, पण त्यांना तो घेण्याची संधीच मिळाली नाही.

ग्रिसम वाचले असते तर चंद्रावर पहिले तेच उतरले असते का?

अंतराळवीरांच्या नेमणुका करणारे डीक स्लेटन यांनी नंतर तसं लिहिलं आहे : शक्य असेल तर पहिल्या सातांपैकी कुणी तरी पहिलं उतरावं अशी इच्छा होती, आणि ते नाव ग्रिसम यांचं असतं. आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन यांनी चंद्रावर अपोलो १ चं बोधचिन्ह ठेवलं. त्यासोबत गागारिन आणि कोमारोव्ह या दिवंगत सोव्हिएत अंतराळवीरांची पदकंही.

अपोलो १ की अपोलो २०४?

कागदोपत्री मोहीम एएस-२०४ होती. तिघांच्या पत्नींनी विनंती केली की 'अपोलो १' हे नाव याच उड्डाणासाठी राखावं, आणि नासाने ते मान्य केलं.

कल्पना चावला यांच्या अपघाताशी याचा काही संबंध आहे का?

थेट नाही, पण तारखा विलक्षण जवळ आहेत. अपोलो १ ची आग २७ जानेवारीची, चॅलेंजर २८ जानेवारी १९८६ ला फुटलं, आणि कल्पना चावला ज्यात होत्या ते कोलंबिया १ फेब्रुवारी २००३ ला. म्हणून नासा दरवर्षी जानेवारीअखेर या सगळ्यांचा स्मरणदिन पाळते.

आज बघायला काय आहे?

ग्रिसम आणि चॅफी यांना आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत, तर व्हाइट यांना वेस्ट पॉइंटला दफन केलं आहे. 'लिबर्टी बेल ७' कॅन्सस राज्यात हचिन्सनच्या कॉस्मोस्फिअर संग्रहालयात आहे. अपोलो १ चं यान प्रदर्शनात नाही, पण त्याची दारं २०१७ पासून केनेडी अंतराळ केंद्राच्या अभ्यागत संकुलात मांडली आहेत. ३४ क्रमांकाच्या मंचाचा काँक्रीटचा चौथरा अजून उभा आहे आणि त्यावर तिघांच्या नावाच्या पाट्या आहेत. अमेरिकेतल्या मराठी मंडळींपैकी कुणी इंडियानाच्या बाजूला असेल, तर मिचेलजवळच्या स्प्रिंग मिल उद्यानातलं ग्रिसम स्मारक जरूर बघावं. 'मॉली ब्राउन' यान तिथेच आहे. आत वाकून बघितलं की दोन माणसं त्यात किती अडचणीत बसली असतील ते कळतं.